बोगद्यात राहिलेला डबा

आमच्या घरी दिवाणाएवढ्या प्लायवर १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ मांडले आहेत आणि मध्ये पुठ्ठ्याचा बोगदा. आत गेलेली गाडी दिसत नाही. मग मागची सोडायची कशी? म्हणून आम्ही रुळांचे तुकडे, म्हणजे ब्लॉक पाडले आणि प्रत्येकाला डिटेक्टर लावला.

जोडणी सोपी आहे. एका रुळाला काप देऊन तिथं प्लास्टिकचा जोड घालायचा आणि त्या ब्लॉकला वीज नेणारी तार डिटेक्टरच्या कॉइलमधून ओवायची. (हे डीसीसी संचासाठी. साध्या डीसीला डायोडवाला डिटेक्टर लागतो.) तारांना हात लावण्याआधी प्लग काढायचा, हे लहानांना आधी शिकवलं.

"अब्बा, इंजिन कळतं, मग डबा का नाही?" लेकीचा प्रश्न नेमका होता. इंजिन वीज घेतं, डबा घेत नाही. तुटून मागे राहिलेला डबा डिटेक्टरच्या लेखी नसतोच. त्यासाठी शेवटच्या डब्याच्या चाकांना जोडणारा १० किलो-ओहमचा रेझिस्टर बसवतात. १५ व्होल्टला त्यातून दीड मिलिअँपिअर वाहतो. एवढ्यानं दिवा लागला नाही, तर तार कॉइलमधून आणखी दोन-तीन वेढे फिरवायची.

खऱ्या रेल्वेत उलटं आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये रिकाम्या रुळांतून प्रवाह वाहत राहतो. गाडीची चाकं दोन्ही रूळ जोडून तो मधूनच वळवतात आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली तरी लालच. आमच्याकडे तार निसटली, की ब्लॉक 'रिकामा' दिसतो! म्हणून विझलेल्या दिव्यावर आमचा फारसा भरवसा नाही.

स्क्रू फिरवताना ब्लॉक रिकामा हवा. दिवा लागेपर्यंत संवेदनशीलता वाढवायची, मग तो विझून थोडं पुढे जाईपर्यंत मागे यायचं. नंतर रेझिस्टरवाली चाकांची एकच जोडी ब्लॉकच्या दोन्ही टोकांना ठेवून पाहायची. दोन्हीकडे दिवा लागलाच पाहिजे. रुळांवरच्या धुळीनं तो लुकलुकत असेल, तर विझण्याला दोनेक सेकंदांचा उशीर ठेवायचा. रूळ पुसणं त्यानं टळत नाही.

पावसाळ्यात ओलसर प्लायमधून प्रवाह झिरपला, तर रिकामा ब्लॉकही भरलेला दिसू शकतो. तेव्हा स्क्रूला हात लावण्याआधी आम्ही प्लाय वाळवतो. नाहीतर ऑक्टोबरात हवा कोरडी झाल्यावर तोच डिटेक्टर डबा ओळखायचा नाही.