शोकेसमधली चांदी एकाच कोपऱ्यात आधी काळी का पडते? आर्द्रता सगळीकडे सारखी ठेवायची सोपी पद्धत

खामगावला रजतनगरी म्हणतात. इथल्या बऱ्याच घरांत लग्नात आलेली समई, ताम्हण, करंडा किंवा एखादी मूर्ती शोकेसमध्ये मांडलेली असते. तुमच्याही घरी एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. वरच्या फळीवरची मूर्ती अजून चमकते, पण खाली मागच्या बाजूला टेकवलेला करंडा आधीच काळपट झालेला असतो. शोकेस एकच, काच एकच, मग हा फरक कशामुळे?

आज तेच समजून घेऊया. हीच माहिती कॅमेऱ्याच्या लेन्सलाही लागू पडते, त्यामुळे फोटोग्राफी करणाऱ्यांनीही शेवटपर्यंत वाचा.

चांदी काळी का पडते?

हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकाचे वायू अगदी थोड्या प्रमाणात असतात. त्यांची चांदीशी क्रिया होते आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. म्हणजे मूळ कारण गंधक. पण हवेत ओलावा जास्त असेल तर चांदीवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतो आणि ही क्रिया वेगाने होते.

घासली की चमक परत येते हे खरं. पण तो काळा थर चांदीपासूनच बनलेला असतो. दरवेळी घासताना थोडी चांदी निघून जाते, बारीक नक्षी बोथट होत जाते. वस्तूवर फक्त चांदीचा मुलामा असेल तर आतला धातू उघडा पडतो. म्हणून घासण्यापेक्षा काळं पडूच न देणं परवडतं.

६५ टक्के आर्द्रता म्हणजे नेमकं काय?

मीटरवर दिसणारा आकडा सापेक्ष आर्द्रतेचा असतो. हवेत किती पाणी आहे हे तो सांगत नाही. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढं पाणी धरू शकते, त्यातलं किती टक्के आत्ता आहे, हे तो सांगतो. गरम हवा जास्त पाणी धरते, थंड हवा कमी.

आता हिशोब करूया. ३० अंशाला एक घनमीटर हवा साधारण ३०.४ ग्रॅम पाणी धरू शकते. आर्द्रता ६५ टक्के असेल तर त्यात सुमारे १९.८ ग्रॅम पाणी आहे. हीच हवा शोकेसमध्ये फिरली तर काय होईल बघा:

• वर, लाइटजवळ, तापमान ३४ अंश: आर्द्रता सुमारे ५३ टक्के
• मधली फळी, ३० अंश: ६५ टक्के
• खाली, बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून, २६ अंश: ८१ टक्के

पाणी तेवढंच आहे. फक्त ८ अंशांच्या फरकाने आर्द्रता २८ टक्क्यांनी बदलली. तुमचा मीटर मधल्या फळीवर असेल तर तो ६५ दाखवत राहील आणि करंडा मात्र ८१ टक्क्यांत बसलेला असेल.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. दमट हवा जड असते म्हणून खाली बसते, असं बरेच जण म्हणतात. खरं तर पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. खालचा कोपरा दमट असतो तो थंड असल्यामुळे.

खरं पाणी कुठे लपलेलं असतं?

३ फूट उंच, ३ फूट रुंद आणि १ फूट खोल शोकेसमध्ये साधारण २५० लिटर हवा मावते. ३० अंशाला तिची आर्द्रता ७५ वरून ४५ टक्क्यांवर आणायची तर हवेतून फक्त सव्वादोन ग्रॅम पाणी काढावं लागतं. अर्धा चमचाही नाही!

मग शूजच्या डब्यात आलेली सिलिका जेलची पुडी टाकली तरी फरक का पडत नाही? कारण पाणी हवेत कमी आणि लाकडात जास्त असतं. आपल्याकडे हे कापसावरून पटकन कळतं. कापूस हाताला कोरडा लागतो, तरी खरेदीच्या वेळी त्याचा ओलावा मोजतातच. सीसीआय हमीभावाने घेताना ८ टक्के ओलावा आधार धरते आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाही. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या क्विंटलभर कापसातही ८ ते १२ किलो पाणी असू शकतं.

लाकडाचंही तसंच. १० किलो लाकूड ७५ टक्के आर्द्रतेतून ४५ टक्क्यांवर आणायचं तर त्यातून अर्ध्या किलोच्या आसपास पाणी बाहेर पडतं. तुम्ही हवा कोरडी केली की लाकूड, पुठ्ठा आणि मखमल ती पुन्हा ओली करतात.

सिगार ठेवायच्या पेट्यांमध्ये हाच गुण मुद्दाम वापरतात. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, म्हणून पेटीला आतून सीडर लाकडाचं अस्तर असतं. हवा कोरडी झाली की लाकूड ओलावा सोडतं, दमट झाली की शोषतं. आकडा स्थिर राहतो. आपल्याला चांदीसाठी कोरडेपणा हवा आहे, त्यामुळे पावसाळ्यात भिजलेलं प्लायवूड आपल्या विरुद्ध काम करतं.

आता करायचं काय?

१. आधी मीटर तपासा. फोनमधलं हवामान ॲप बाहेरच्या हवेचा आकडा दाखवतं, शोकेसच्या आतला नाही. २०१३ च्या सॅमसंग गॅलक्सी एस४ मध्ये आर्द्रतेचा सेन्सर होता, पण आजच्या बहुतेक फोनमध्ये तो नसतो. म्हणून ब्लूटूथवर चालणारा छोटा सेन्सर घ्या. मग बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थेंबभर पाणी टाका, मीठ चिखलासारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते झाकण आणि सेन्सर एका झिप पिशवीत रात्रभर बंद ठेवा. मीठ सेन्सरला लागू देऊ नका. सकाळी आकडा ७५ च्या आसपास दिसायला हवा. ७१ दिसला तर तुमचा सेन्सर ४ ने कमी सांगतोय.

२. एका जागी मोजू नका. सेन्सर एक दिवस वर, एक दिवस मध्ये, एक दिवस खालच्या मागच्या कोपऱ्यात ठेवा. दोन सेन्सर असतील तर एक वर, एक खाली ठेवा आणि ॲपमधले आलेख शेजारी लावून बघा. आकड्यासोबत तापमानही लिहून ठेवा.

३. तापमान सारखं करा. शोकेस भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. आतले गरम होणारे बल्ब काढा किंवा कमी वेळ लावा. एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा कोरडी असते, पण कुलर खोलीत ओली हवा सोडतो. त्याचा झोत शोकेसवर येऊ देऊ नका.

४. हवा हलती ठेवा. हवा स्थिर असेल तर वाफेला अर्धा मीटर पसरायला काही तास लागू शकतात. यूएसबीवर चालणारा छोटा पंखा अर्ध्या तासातून दोन-तीन मिनिटं पुरतो. फळ्या मागच्या बाजूला टेकलेल्या असतील तर बोटभर फट ठेवा, नाहीतर प्रत्येक कप्पा वेगळा राहतो.

५. सिलिका जेल हिशोबाने घ्या. ४५ टक्क्यांच्या आसपास ते स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा भाग पाणी धरतं. म्हणजे एक किलोत २०० ते २५० ग्रॅम. प्लायवूडच्या आख्ख्या शोकेसला ते पुरणार नाही. म्हणून रोज न लागणाऱ्या वस्तू घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, तिथे १०० ग्रॅमही भरपूर होतं. निळे दाणे टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी दाणे घ्या.

६. गंधक दूर ठेवा. रबर बँड, लोकरीचं कापड चांदीजवळ नको. आर्द्रता कितीही सांभाळली तरी यांच्यामुळे काळे डाग पडतात.

प्रोजेक्ट करायचा असेल तर

ईएसपी३२ बोर्ड आणि एसएचटी३१ सेन्सर लावून पंखा आपोआप चालवता येतो. पण कोडमध्ये एकच आकडा ठेवू नका. ५० वर सुरू आणि ४५ वर बंद, असे दोन आकडे ठेवा. फ्रिजचा कॉम्प्रेसरही असाच चालतो, नाहीतर तो दर मिनिटाला चालू-बंद होत राहिला असता. एक लक्षात ठेवा: पंखा पाणी काढत नाही, फक्त आतली हवा सारखी करतो. पाणी काढायचं काम सिलिका जेलचं.

किती आकडा ठेवायचा?

चांदीसाठी ५० च्या खाली, जमलं तर ४० च्या आसपास. कॅमेरा आणि लेन्ससाठी ४० ते ५०. लेन्स दीर्घकाळ ६५-७० च्या वर राहिली तर बुरशीचा धोका वाढतो आणि ती काचेवरचं कोटिंग खराब करते.

आज रात्री फक्त एक काम करा. सेन्सर समोरच्या, दिसणाऱ्या जागेवरून उचला आणि खालच्या मागच्या कोपऱ्यात ठेवा. उद्या सकाळी दिसणारा आकडा हाच तुमच्या करंड्याचा खरा आकडा.