चाळीचें अंगण कोणाचें?

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या गिरगांवांतील चाळीच्या अंगणांत भाडेकरूंची सभा भरली होती. जुनी चाळ पाडून तिच्या जागीं उंच इमारत बांधावयाची, हें बहुतेक ठरलेंच होतें. त्या दिवशीं वास्तुशिल्पज्ञ नकाशा घेऊन आले होते. नकाशा भिंतीवर लागतांच जो तो आपल्या बिऱ्हाडाचे चौरस फूट मोजूं लागला. स्वयंपाकघर केवढें, न्हाणीघर स्वतंत्र आहे ना, देवाला कोनाडा राहील कीं नाहीं, असे प्रश्न तासभर चालले. अखेर तळमजल्यावरच्या, ऐशी उलटलेल्या माईंनीं विचारलें, "सगळें झालें, पण आपलें अंगण कोठें दिसत नाहीं तें?"

ते तरुण गृहस्थ नम्रपणें म्हणाले, "आजी, अंगण आहे कीं! आतां आहे त्याच्या दुप्पट आहे. फक्त तें सातव्या मजल्यावर आहे. खालचे मजले मोटारींसाठीं सोडावे लागतात."

मंडळी हंसली. माई मात्र हंसल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "सातव्या मजल्यावर वाडींतलें कोण येणार, बाबा?"

या प्रश्नाचें उत्तर त्या सभेंत कोणीं दिलें नाहीं, आणि मलाहि तें सुचलें नाहीं. परंतु तेव्हांपासून तो मनांतून जात नाहीं. आज शहरोशहरीं जुनीं घरें, वाडे व चाळी पडून नव्या इमारती उठत आहेत, आणि या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरींहि असा एखादा नकाशा येऊन पडला असेल. म्हणून तो प्रश्न येथें मांडावासा वाटतो.

चाळ म्हणजे काय, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. ओळीनें लहान लहान खोल्या, त्यांच्या पुढून जाणारी लांब गॅलरी, टोकाला सामाईक नळ व शौचकूप, आणि पुढें किंवा मध्यें फरसबंदी अंगण. चाळीच्या एकोप्याचें जें कौतुक आपण ऐकतों, तें बहुधा गॅलरीचें कौतुक असतें. एका घरची आमटी दुसऱ्या घरीं जाते ती गॅलरींतून; एकाचें मूल दुसऱ्याच्या दारांत रांगतें तेंहि गॅलरींतच. हें सारें खरें आहे. परंतु गॅलरी ही राहणारांची. तेथें परका मनुष्य दिसला, कीं दहा दारांतून दहा चेहरे बाहेर येतात आणि "कोण पाहिजे?" असा प्रश्न होतो. अंगणांत मात्र तोच मनुष्य अर्धा तास उभा राहिला, तरी त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. गॅलरीनें चाळ आंतून बांधली. अंगणानें ती गल्लीशीं बांधली. या दोन गोष्टी आपण एकच समजतों, आणि घोटाळा होतो तो तेथेंच.

आमच्या लहानपणीं अंगणांत कोण येत नसे? कल्हईवाला भाता मांडून बसे, पिंजारी गाद्या पिंजून देई. शेजारच्या वाडींत मुंज निघाली, तर पंगत आमच्या अंगणांत बसे. कारण त्यांच्याकडे जागा नव्हती. फाटकाशीं एक काळा फळा होता. त्यावर व्याख्यानाची सूचना, परीक्षेचा निकाल, कोणाच्या निधनाची वार्ता, असें कांहीं ना कांहीं रोज लिहिलेलें असे. तो फळा आमच्यापेक्षां वाटेनें जाणारे लोकच अधिक वाचीत. एका कोपऱ्यांत इस्त्रीवाल्याचें टेबल होतें. तो चाळींत राहात नसे. परंतु चाळींत कोण आलें, कोण गेलें आणि कोणाच्या घरीं आज डॉक्टर आले, हें त्याला आमच्याआधीं ठाऊक असे.

अंगणाची ही दारें उघडण्याचें मोठें काम आमच्या भागांत गणेशोत्सवानें केलें. येथील केशवजी नाईक चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक उत्सव सुरू झाला. मुंबईंतील सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. १९०१ सालीं लोकमान्य टिळक तेथें येऊन गेले. या उत्सवाचा राजकीय इतिहास आपण सर्व जाणतों. मला येथें त्याची एक लहानशी, व्यावहारिक बाजू दाखवावयाची आहे. घरांतल्या देवाचें दर्शन घ्यावयाचें, तर आमंत्रण लागतें. अंगणांतल्या देवाला तें लागत नाहीं. परक्या माणसाला आंत येण्यास एक निमित्त मिळालें. पुढें वर्गणी आली. ज्यानें रुपया दिला, त्याला आरास कशी झाली, हिशेब लागला कीं नाहीं, हें विचारण्याचा अधिकार आला. तो आतां पाहुणा राहिला नाहीं, भागीदार झाला. शेजार जोडण्याच्या या दोन पायऱ्या आहेत: आधीं येण्याचें निमित्त, आणि मग बोलण्याचा अधिकार. पहिली पायरी बांधून जे थांबतात, त्यांच्याकडे गर्दी होते, पण शेजार होत नाहीं.

येथें एक अप्रिय गोष्टहि बोलली पाहिजे. 'सार्वजनिक' हा शब्द फलकावर लिहिला, म्हणजे अंगण सर्वांचें होतें असें नाहीं. खोली देतांना जात विचारण्याची रीत अनेक चाळींत होती, हें निदान आपल्यासारख्या घरांनीं तरी विसरूं नये. १९२६ सालीं दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवांत, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या बांधवांनाहि मूर्तीची पूजा करूं द्यावी, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं धरला, तेव्हां मोठा वाद माजला. प्रश्न साधा होता: उत्सव सर्वांचा, तर पूजा कांहींचीच कां? अंगणाच्या उघडेपणाची कसोटी फाटक किती रुंद आहे यावर लागत नाहीं. तें कोणापुढें बंद होतें, यावर लागते. आज जातीचें नांव उघडपणें कोणी घेत नाहीं. परंतु मोलकरणीनें कोणत्या उद्वाहकानें वर जावें आणि सामान पोंचविणाऱ्या मुलानें कोठें उभें राहावें, याच्या पाट्या नव्या इमारतींत आपण पाहतोंच.

तेव्हां जुनें तें सारें सोनें, असें मला म्हणावयाचें नाहीं. पहाटे नळावर रांग लावणाऱ्या, शौचकूपासाठीं हातांत डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या आणि दहा माणसांत एकान्त म्हणून न मिळालेल्या आमच्या बायकांस विचारा. त्या चाळीचीं गोडवीं गाणार नाहींत. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें सरकारनें बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची, आणि एकेका मजल्याला वीस बिऱ्हाडें. त्या खोल्यांत तीन तीन पिढ्या नांदल्या. २०२५ च्या ऑगस्टांत वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या आनंदाला नांवें ठेवणारा मनुष्य बहुधा स्वतः मोठ्या घरांत राहणारा असतो. नवें घर हवेंच. प्रश्न एवढाच, कीं नवें घर घेतांना आपण चौरस फूट मोजतों आणि अंगण मोजावयाचें विसरतों.

सातव्या मजल्यावरचें अंगण हें अंगण कां नव्हे, हें आतां ध्यानांत येईल. तेथें झाडें असतील, मुलांस घसरगुंडी असेल, म्हाताऱ्यांस बांकें असतील. परंतु तेथें पोंचावयास पहारेकऱ्यापाशीं नांव लिहावें लागतें. तेथून कोणी सहज जात-येत नाहीं. आणि जेथून कोणी सहज जात-येत नाहीं, तेथें ओळख होत नाहीं. तें अंगण नव्हे. फार रुंद झालेली गॅलरीच ती. कायद्यालाहि हा भेद अपरिचित नाहीं. मुंबईच्याच एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१३ च्या डिसेंबरांत असा निर्णय दिला, कीं करमणुकीसाठीं राखावयाची किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे. ती वरच्या पोडियमवर दाखवून भागणार नाहीं. त्यानंतर २०१८ सालीं शहराची नवी विकास नियमावली अमलांत आली. आपल्या भूखंडास तींतील काय लागू होतें, तें प्रत्येक चाळीनें आपल्या वास्तुशिल्पज्ञास स्पष्ट विचारावें. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर नकाशांत सहसा सांपडत नाहीं.

जागेचा तुटवडा आणि एकत्र राहण्याची इच्छा कांहीं आपल्याच वांट्याला आलेली नाहीं. इतरांनीं या कोड्याची उकल कशी केली, तेंहि पाहण्यासारखें आहे. ऑस्ट्रियाच्या राजधानींत, व्हिएन्ना शहरीं, पूर्वीं शवपेट्यांचा एक मोठा कारखाना होता. त्या जागीं एकत्र राहूं इच्छिणाऱ्या कांहीं लोकांच्या संस्थेनें १९९६ सालीं आपला सहनिवास उभा केला, आणि नांवहि जुनेंच ठेवलें: 'झार्गफाब्रिक', म्हणजे शवपेट्यांचा कारखाना. आपल्याकडे वास्तुशांतीला असें नांव घेण्यास कोणी धजणार नाहीं! तेथें सुमारें ७० बिऱ्हाडें आहेत आणि इमारत कोणा एकाची नसून संस्थेची आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. त्या आवारांत बालवाडी आहे, स्नानगृह आहे, गाण्याबजावण्याचें सभागृह आहे, खानावळ आहे. आणि या सोयी केवळ राहणारांसाठीं नाहींत. बालवाडींत आसपासचीं मुलें येतात, मैफलींस शहरांतले श्रोते येतात, खानावळींत वाटसरूहि जेवतो. यांत दानधर्म नाहीं, व्यवहार आहे. सत्तर बिऱ्हाडांच्या बळावर सभागृह रोज गजबजत नाहीं. शेजार आला तरच तें चालतें. शेजाऱ्याला सोय मिळते, आणि राहणारांस त्यांच्या एकट्याच्या ऐपतीबाहेरची गोष्ट मिळते.

आपल्याला व्हिएन्नाचें अनुकरण करावयाचें नाहीं. आपल्या चाळींनीं हीच विद्या आधींपासून जाणली होती. परंतु नव्या इमारतींत ती आपोआप उतरणार नाहीं. ठरवून उतरवावी लागेल. माझ्या अल्प बुद्धीस सुचलेल्या चार गोष्टी मांडतों.

पहिली: सामाईक खोली तळमजल्यावर असावी आणि तिचें एक दार थेट गल्लींत उघडावें. दुसरें दार इमारतींत असेल, त्याला हवें तर कुलूप घाला. दोन दारांच्या खोलीनें घराची सुरक्षितता जात नाहीं आणि शेजारहि तुटत नाहीं.

दुसरी: तिचा उपयोग रोजचा असावा. वर्षांतून दहा दिवस उघडणारें दार उरलेले दिवस भिंतच असतें. सकाळीं बालवाडी, दुपारीं बायकांचा शिवणवर्ग वा वाचनालय, संध्याकाळीं ज्यांच्या घरीं अभ्यासाला कोपरा नाहीं अशा मुलांची अभ्यासिका. यांस खर्च थोडा आणि गरज मोठी.

तिसरी: बाहेरच्यांकडून थोडी कां होईना, वर्गणी घ्यावी आणि व्यवस्था पाहणाऱ्या समितींत त्यांचे एक-दोन प्रतिनिधि घ्यावे. फुकट मिळालेल्या जागेंत मनुष्य संकोचून बसतो. वर्गणी दिलेल्या जागेंत तो केर दिसला तर झाडतो.

चौथी: वेळेचे व आवाजाचे नियम आधींच लिहून भिंतीवर लावावे, आणि ते आंतल्यांस व बाहेरच्यांस सारखेच असावे. ध्वनिक्षेपकाच्या एका रात्रीनें वर्षाचा शेजार बुडतो.

यावर आक्षेप येईल तो सुरक्षिततेचा. परक्यांस आंत घेतलें, तर चोरीमारीचें काय? आक्षेप खोटा नाहीं. घरांत म्हातारीं माणसें व लहान मुलें आहेत. परंतु परका हा परका कोठवर असतो? त्याचें नांव कळेपर्यंत. आमच्या इस्त्रीवाल्यानें एकदां भर दुपारीं वरच्या मजल्यावरून भांडीं घेऊन उतरणाऱ्या एका गृहस्थास अंगणांतच थांबविलें होतें. कारण तो चेहरा कोणाच्याच घरचा नाहीं, हें त्याला माहीत होतें. पहारेकरी दर सहा महिन्यांनीं बदलतो. शेजार बदलत नाहीं.

आतां आमच्या चाळीचें सांगतों. माईंच्या प्रश्नानंतर आम्हीं कांहीं जणांनीं वास्तुशिल्पज्ञांची पुन्हां भेट घेतली. ते म्हणाले, तळमजल्यावर गल्लीच्या बाजूस ४०० चौरस फुटांची खोली काढतां येईल. मात्र ती जागा कोणाच्या तरी वांट्यांतून आली पाहिजे. चाळींत ४० बिऱ्हाडें आहेत. म्हणजे दर बिऱ्हाडानें १० चौरस फूट सोडावयाचे. दहा फूट म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्याचें दार उघडण्यापुरती जागा. ज्यांनीं जन्मभर ट्रंकेवर ट्रंक रचून संसार केला, त्यांस ही मागणी लहान नाहीं, हें मी जाणतों. एका गृहस्थांनीं मला तोंडावर विचारलें, "वाडींतल्या पोरांच्या अभ्यासासाठीं माझ्या सुनेचें कपाट कां जावें?" मला त्यांचा राग आला नाहीं. त्यांच्या घरीं दोन खोल्यांत सात माणसें आहेत.

आतांपर्यंत तेवीस बिऱ्हाडांनीं संमति दिली आहे. सतरा अजून विचार करीत आहेत. दसऱ्यानंतर पुन्हां सभा आहे. मी आपले दहा फूट लिहून दिले, तेव्हां घरीं काय बोलणें होईल याची धास्ती होती. सौभाग्यवतींनीं नकाशा पुढें ओढला, हातानें मापून पाहिला आणि म्हणाल्या, "कपाट लहान घेऊं. पण त्या खोलीच्या दाराशीं फळा ठेवा म्हणावें. नाहीं तर कोण गेलें, कोण पास झालें, हें वाडीला कळायचें कसें?"