शिकारीची म्हणतात, पण घराणं फौजेचं

आज जरा वेगळा विषय घेतलाय, आणि तो तुमच्यातल्याच एका गटाकडून आला आहे. प्रश्न असा: सासरे वारले. त्यांची ‘तीनशे पंधरा’ची रायफल माळवदाच्या खोलीत खुंटीला तशीच टांगलेली आहे. परवाना त्यांच्याच नावावर. घरातली माणसं म्हणतात, शिकारीची तर बंदूक आहे, लष्कराची थोडीच, असू द्या; रानडुकरं हाकलायला कामी येईल. तर ठेवावी का?

ठेवू नये. का ठेवू नये हे समजायचं, तर ती रायफल आली कुठून ते आधी बघावं लागेल, कारण ‘शिकारीची’ या शब्दानंच आपली फसगत होते.

इंग्रज सरकारच्या फौजेकडे ‘ली-एनफिल्ड’ नावाची रायफल होती. दोन्ही महायुद्धांत आपले मराठे शिपाई हीच खांद्यावर घेऊन परमुलखात लढले. आपल्याकडे तिला नुसतं ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात. पोलिसांच्या हातात तुम्ही ती कित्येक वर्षं पाहिली असेल. हिची कळ अगदी आपल्या दाराच्या कडीसारखी. दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. मागे ओढला की उडवलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल बाहेर पडतं, पुढे ढकलला की खालच्या पेटीतलं नवं काडतूस नळीत जातं. धूळ असो, चिखल असो, ही कडी सहसा अडत नाही. म्हणून तर ती फौजेत इतकी वर्षं टिकली.

आता सरकारला भीती अशी, की हीच रायफल रयतेच्या हातात गेली आणि रयतेनं फौजेच्या कोठारातली काडतुसं पळवली तर? सत्तावन्नचं बंड सरकार विसरलं नव्हतं. 1878 साली हत्यारांचा कायदा आला, आणि पुढे फौजेच्या मापाची काडतुसं खाजगी माणसाला बंद झाली. (आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, मी सांगतेय ते इंग्रजी मुलखातलं.) पण साहेबांना, जमीनदारांना, संस्थानिकांना शिकारीसाठी रायफल तर हवीच होती. मग बंदुका करणाऱ्या कंपन्यांनी वाट काढली. कळ तीच, लाकडी दस्ता जरा छाटून-छुटून हलका केला, पेटीत दहाऐवजी पाच काडतुसं, आणि नळीचं माप तेवढं बदललं.

किती बदललं? थ्री नॉट थ्री म्हणजे नळीचं भोक इंचाचे तीनशे तीन हजारांश, साधारण 7.7 मिलिमीटर. तीनशे पंधरा म्हणजे साधारण 8 मिलिमीटर. फरक वहीच्या तीन कागदांच्या जाडीएवढा! एवढ्या फरकानं फौजेचं काडतूस हिच्यात चालेना, आणि कायद्याच्या दृष्टीनं ती ‘स्पोर्टिंग’ रायफल झाली. गंमत पुढेच आहे. हे जे आठ मिलिमीटरचं काडतूस घेतलं, तेही एका फौजेचंच होतं. युरोपातल्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं, 1890 च्या सुमाराचं. म्हणजे एका सरकारच्या फौजेची रायफल, दुसऱ्या सरकारच्या फौजेचं काडतूस, आणि नाव काय, तर खेळाची.

स्वातंत्र्यानंतरही ती बनत राहिली. कलकत्त्याजवळ ईशापूरला सरकारी रायफल कारखाना आहे, 1904 सालचा. थ्री नॉट थ्री तिथंच बनायची आणि ही तीनशे पंधराही तिथलीच. तिचं काडतूस मात्र आपल्या महाराष्ट्रात बनतं, पुण्याला खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. तो कारखाना त्याहून जुना, 1869 चा. काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ अशी इंग्रजी अक्षरं असतात, ती खडकीची खूण. उत्तरेकडच्या बातम्यांत गावठी कट्टा सापडल्याचं येतं, त्यातले बरेचसे कट्टे याच काडतुसावर चालणारे असतात. म्हणून घरातलं एक काडतूस हरवणं ही साधी गोष्ट नाही.

आता ताकदीचं. बारा बोअरची बंदूक छर्ऱ्याची. तिची नळी आतून गुळगुळीत, छर्रे पन्नास-साठ पावलांच्या पुढे पांगत जातात आणि त्यांचा जोर ओसरतो. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि म्हणूनच सरळ जाते. डुक्कर चुकलं तर ती थांबत नाही; वाटेत काही आडवं आलं नाही तर एक-दोन किलोमीटरसुद्धा जाते. आपल्याकडे रात्री काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. लाईट रात्रीची, म्हणून शेजारच्या वावरात कुणीतरी पाणी देत उभा. तूर डोक्याइतकी वाढलेली, बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले म्हणून चाप ओढला, तर त्या डोळ्यांच्या मागे कोण होतं हे उडवणाऱ्याला दिसत नाही.

कायद्यानंही हा फरक ओळखला आहे. 1959 चा शस्त्र कायदा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक म्हणतो. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. त्यात रायफल नाही. आणि परवान्याची बंदूक घरात असली तरी डुक्कर किंवा रोही मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, ती परवानाधारकालाही. म्हणजे ज्या शिकारीच्या नावानं ही रायफल विकली गेली, ती शिकारच आता उरलेली नाही.

बाहेरच्या देशांत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात झाली. अमेरिकेत फौजेच्या एम-सोळा रायफलची बहीण ‘ए आर पंधरा’ साठच्या दशकापासून बाजारात मिळते. तिला कडीही ओढावी लागत नाही. चाप ओढाल तितक्या वेळा गोळी. न्यूझीलंडमध्ये 2019 च्या मार्च महिन्यात एका माणसानं असल्या रायफलींनी दोन मशिदींत 51 माणसं मारली, आणि तिथल्या सरकारनं महिन्याभरात असल्या बहुतेक रायफलींवर बंदी आणली. त्या मानानं आपली कडीची रायफल संथ. पण एकच गोळी लागली तरी माणूस जातोच.

बरं, नेमबाजीचा खेळ ही निराळी गोष्ट, तिची यात गल्लत नको. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकला जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, ते छोट्या पॉइंट टू टू काडतुसाच्या रायफलवर. ती रायफल निशाणाच्या कागदासाठीच घडवलेली असते.

आता मूळ प्रश्न. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. सासरे गेले त्या दिवसापासून ती रायफल घरात विनापरवाना आहे. कायदा म्हणतो, विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करा. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही ठेवता येते. विनापरवाना शस्त्र बाळगल्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आहे. आणि घरी सापडलं तर ‘आम्ही बायकांनी हातही लावला नव्हता’ एवढ्यानं सुटका होईल असं धरून चालू नका.

रायफल पिशवीत गुंडाळून एस्टीनं नेऊ नका. ठाण्यात फोन करा, घरी मयत झाली आहे, शस्त्र जमा करायचंय असं सांगा, आणि कसं आणायचं ते त्यांनाच विचारा. ती भरलेली आहे की रिकामी हे बघायला घरातल्या पोरांनी कडी ओढू नये. नळी भिंतीकडे, खोलीला कुलूप, किल्ली तुमच्या कनवटीला. दसऱ्याच्या पूजेला काढून ठेवायची वाट बघू नका, आणि लग्नाच्या वरातीत बार काढायचं तर नावच नको. आनंदाच्या भरात गोळीबार करून माणसांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, असं आता कायद्यात लिहिलेलं आहे.

परवान्याचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला बरोबर द्या. पावती घेतल्याशिवाय परतू नका. पावतीवर रायफलचा नंबर, कारखान्याचं नाव आणि किती काडतुसं दिली तो आकडा असला पाहिजे. आकडा तिथंच मोजून घ्या.

जमा केली म्हणजे ती सरकारजमा झाली असं नाही. घरातल्या कुणाला वारस म्हणून परवाना हवा असेल तर परभणीला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो; वय एकवीस पूर्ण पाहिजे, बाकी वारसांची ना हरकत लागते, पोलिसांची चौकशी होते. सुनेचं, मुलीचं नावही वारसात येऊ शकतं. नको असेल तर परवाना असलेल्या माणसाला किंवा विक्रेत्याला रीतसर विकता येते, आणि ते पैसे वारसांचे. सासूबाई असतील तर त्यांचाही त्यात वाटा आहे. सही करण्याआधी कागद कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या.