लैंगिक आरोग्याविषयी सेवार्थीशी संवाद : कार्यकर्त्याची पूर्वतयारी

प्रास्ताविक

मुलाखतीचे तंत्र अवगत असूनही एका विषयावर अनुभवी कार्यकर्त्याचीही जीभ अडखळते. तो विषय म्हणजे लैंगिक आरोग्य. सेवार्थी संकोचतो म्हणून हा विषय निघत नाही, असे आपण समजतो. पुष्कळदा संकोच आपलाच असतो. म्हणून या घटकात सेवार्थीच्या नव्हे, तर आपल्या स्वतःच्या तयारीचा विचार करावयाचा आहे.

मौनाची किंमत

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमधील अंतर केवळ दवाखान्यांच्या अभावाने पडलेले नाही. न विचारलेल्या प्रश्नांचाही त्यात वाटा आहे. काही संसर्गांवर वेळीच उपचार न झाल्यास वंध्यत्व येऊ शकते, आणि त्याचा दोष समाज बहुधा स्त्रीच्याच माथी मारतो.

सेवार्थीची भाषा

असे दुखणे सरळ नावाने क्वचितच सांगितले जाते. स्त्री ‘अंगावरून जातं’ किंवा ‘कंबर धरते’ असे म्हणते; पुरुष ‘कमजोरी आली’ असे म्हणून गप्प होतो. पाठ्यपुस्तकातील ‘श्वेतप्रदर’ त्यांना कळत नाही आणि बोलीतील काही शब्द आपल्याला शिवीसारखे वाटतात. या दोहोंच्या मध्ये कार्यकर्ता मूक होतो. यावरील उपाय साधा आहे : सेवार्थीने वापरलेला शब्द स्वीकारावा, त्याला त्यातून काय म्हणावयाचे आहे ते विचारून घ्यावे आणि आवश्यक तेथेच नेमका शब्द त्याला जोडून द्यावा.

समजा, बचत गटाची बैठक संपल्यावर एक बाई मागे रेंगाळते व म्हणते, “ताई, कंबर फार दुखते. गोळ्या घेऊन झाल्या, गुण येत नाही.” ‘डॉक्टरांना दाखवा’ असे सांगून संभाषण संपवणे सोपे आहे. त्याऐवजी जवळपास कोणी नसल्याची खात्री करून विचारा, “मावशी, कंबरदुखीबरोबर काही जणींना अंगावरून पांढरंही जातं. तुम्हांला तसं काही होतं का? सांगावंसं वाटलं तरच सांगा.” ‘काही जणींना’ या शब्दांमुळे तिचे एकटेपण कमी होते, शेवटच्या वाक्यामुळे नकाराचा हक्क तिच्याकडेच राहतो. त्या दिवशी ती काही बोलणार नाही, असेही घडेल. परंतु बोलावेसे वाटेल तेव्हा कोणाकडे यावे, हे तिला ठाऊक झालेले असेल.

मदतीच्या चार पायऱ्या

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७० च्या दशकात अशा मदतीच्या चार पायऱ्या मांडल्या : बोलण्याची मोकळीक, मर्यादित माहिती, नेमक्या सूचना आणि सखोल उपचार. पहिल्या दोन पायऱ्या प्रत्येक समाजकार्यकर्त्याला यावयास हव्यात. पुढील पायऱ्यांसाठी विशेष प्रशिक्षण लागते. रोगनिदान करणे व औषध सुचवणे हे आपले काम नव्हे. योग्य ठिकाणी पोहोचवणे हे आपले काम आहे. त्यासाठी आपल्या भागातील शासकीय रुग्णालयात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र आहे का, त्याची वेळ कोणती, तेथे स्त्री समुपदेशक असते का, हे आधीच पाहून ठेवावे. एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक सांगता येतो.

गोपनीयता व तिची मर्यादा

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार चाचणीसाठी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे, आणि कायद्यातील अपवाद वगळता तिची एचआयव्हीविषयक स्थिती संमतीवाचून उघड करता येत नाही. पती, सासू किंवा गटाची अध्यक्षा यांनी आग्रह धरला, तरी हा नियम बदलत नाही. दुसऱ्या बाजूस, १८ वर्षांखालील बालकावर लैंगिक अपराध झाल्याचे समजल्यास बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे. म्हणून ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन सरसकट देऊ नका. मुलाला वा मुलीला ही मर्यादा आरंभीच सोप्या शब्दांत सांगा. विश्वासाने बोललेल्या मुलीला आपली फसवणूक झाली असे वाटले, तर ती पुन्हा कोणाशीही बोलणार नाही.

स्वयं-अध्ययन कृती

१. शरीराचे अवयव व लैंगिक क्रिया यांसाठीचे शास्त्रीय, घरगुती आणि आपल्या गावातील शब्द तीन रकान्यांत लिहा. एकांतात ते मोठ्याने वाचा. आवाज न अडखळता वाचता येईपर्यंत ही कृती रोज करा.

२. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, विवाहबाह्य संबंध, देहविक्री : यांपैकी कोणता विषय ऐकताना तुमच्या चेहऱ्यावर नापसंती उमटते? प्रामाणिकपणे नोंद करा. ही नोंद कोणालाही दाखवावयाची नाही.

३. संपर्कसत्रात सहाध्यायाबरोबर वरील प्रसंगाची भूमिका करा. नंतर भूमिका अदलाबदल करून पुन्हा करा. सेवार्थीच्या जागी बसल्यावर कोणता प्रश्न बोचला, ते परस्परांना सांगा.

सारांश

लैंगिक आरोग्याविषयी बोलणे हे धीटपणाचे प्रदर्शन नाही. ते सरावाने येणारे कौशल्य आहे. शब्दांची ओळख, स्वतःच्या पूर्वग्रहांची जाणीव, कामाच्या सीमेचे भान आणि कायद्याचे ज्ञान ही त्याची चार अंगे होत. सेवार्थी प्रथम आपला चेहरा वाचतो आणि मगच बोलायचे की नाही ते ठरवतो, हे क्षेत्रकार्यास जाताना ध्यानात ठेवा.