फोमबोर्डची विमाने : हातांनी शिकायची वायुगतिकी

विमान का उडते, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केलेले असते. पंखाची वरची बाजू फुगीर असते, म्हणून वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावे लागते. खालच्या हवेबरोबर तिला मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचायचे असते, म्हणून ती वेगाने धावते. वेग वाढला की दाब घटतो आणि पंख वर उचलला जातो. उत्तर सुटसुटीत आहे, पण त्यातला मधला दुवा खोटा आहे. दोन्ही बाजूंच्या हवेने एकाच वेळी पोहोचले पाहिजे असा निसर्गात कोणताही नियम नाही. उलट, मोजून पाहिले तर वरची हवा आधी पोहोचते.

हे सिद्ध करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पाच मिलिमीटर जाडीच्या फोमबोर्डचा सपाट पंख दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, तरीही तो उडतो. हवेशी किंचित कोन करून तो पुढे सरकला की हवेचा झोत खाली वळवतो, आणि खाली ढकललेली हवा पंखाला वर ढकलते. वरच्या बाजूचा कमी दाब खराच असतो, पण तो हवा वळवली गेल्यामुळे निर्माण होतो. पंखाचा फुगीर आकार हे वळवणे कमी रोधात साधतो, एवढेच त्याचे काम.

मी गेली काही वर्षे अशी विमाने घरी बनवतो आणि रेडिओ नियंत्रणाने उडवतो. या छंदाला बहुतेक लोक खेळणे समजतात, आणि ते खेळणे आहेच. पण पाठ केलेले ज्ञान आणि पारखून घेतलेले ज्ञान यांतला फरक इतक्या कमी पैशांत आणि इतक्या लवकर दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. या लेखात त्याचीच फोड करायची आहे.

कागद, फेस आणि मॉस्किटो

फोमबोर्ड म्हणजे पॉलिस्टायरीनच्या फेसाळ गाभ्याला दोन्ही बाजूंनी चिकटवलेला कागद. वास्तुरचनेचे विद्यार्थी इमारतींच्या प्रतिकृतींसाठी तो वापरतात. नुसता कागद लवतो, नुसता फेस मोडतो, पण दोन्ही एकत्र आले की ताठपणा येतो. फलक वाकवला तर एका बाजूचा कागद ताणला जातो आणि दुसऱ्या बाजूचा दाबला जातो. मधला फेस या दोघांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतो. ते अंतर वाढवले की वजन फारसे न वाढता ताठपणा झपाट्याने वाढतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या डी हॅविलंड मॉस्किटो या विमानाचा सांगाडा याच तत्त्वावर होता : बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड. १९४० साली उडालेले ते लाकडी विमान आपल्या काळातल्या सर्वांत वेगवान विमानांपैकी एक ठरले.

फलक घेताना एक गोष्ट जपावी लागते. ‘सनबोर्ड’ मागितला तर दुकानदार बऱ्याचदा पीव्हीसीचा फलक हाती ठेवतो. दिसायला तो तसाच असतो, पण कित्येक पट जड. दोन्ही हातांत धरले की फरक लगेच कळतो. द्रावक असलेले गोंद आणि स्प्रे रंग पॉलिस्टायरीन खाऊन टाकतात, म्हणून जोडकामाला ग्लू गनच बरी. पावसाळी हवेत कागद सुटू लागतो, त्यामुळे कडांना चिकटपट्टी लावावी लागते.

बांधणीची मुख्य युक्ती दुमडण्याची आहे. एका बाजूचा कागद आणि गाभा कटरने कापायचा, दुसऱ्या बाजूचा कागद तसाच ठेवायचा. तो कागदच बिजागरी होतो. पंखाची पुढची कड अशीच दुमडते, आणि एलिव्हेटर, रडर, एलेरॉन हे हलणारे भागही याच बिजागरीवर हलतात. अमेरिकेत ओहायोमधल्या ‘फ्लाइट टेस्ट’ या गटाने २०१० नंतर या पद्धतीचे नकाशे विनामूल्य उपलब्ध करून दिले आणि हा छंद जगभर पोहोचला. त्याआधी बाल्साच्या बारीक फासळ्या जोडण्यात आठवडे जात. आता एका सुट्टीच्या दिवसात सांगाडा उभा राहतो.

पेनोची शेपटी

विमान उचलणे सोपे, सरळ ठेवणे अवघड. हे ज्याला प्रथम नीट उमगले त्यांत आल्फोंस पेनो या फ्रेंच तरुणाचे नाव घ्यावे लागेल. १८७१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान पॅरिसच्या त्विलेरी बागेत सुमारे ११ सेकंद उडवून दाखवले. त्यात माणूस नव्हता आणि नियंत्रणही नव्हते. त्याचा तोल आपोआप सांभाळला जात होता. पंखाची टोके वर उचललेली होती आणि शेपटी पंखाच्या तुलनेत किंचित खाली झुकणाऱ्या कोनात बसवली होती. पुढे आर्थिक पाठबळ न मिळाल्याने निराश झालेल्या पेनोने १८८० साली आयुष्य संपवले. त्याच्याच रचनेवर बेतलेले, रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ मध्ये मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांना आणून दिले होते. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल.

पेनोच्या शेपटीचे मर्म गुरुत्वमध्यात आहे. साध्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास यावा लागतो. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर सुमारे पाच-सहा सेंटिमीटरवर. दोन बोटांवर विमान तोलून हे पाहता येते. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले की पंखावरचे आणि शेपटीवरचे, दोन्ही उत्थापक बल वाढते. गुरुत्वमध्य पुरेसा पुढे असेल तर मागे दूरवर असलेली शेपटी तरफेसारखी जिंकते आणि नाक खाली आणते. तो मागे सरकला तर पंखाचेच वाढलेले बल नाकाला आणखी वर ढकलते. चूक दुरुस्त होण्याऐवजी वाढत जाते. म्हणूनच या छंदातल्या मंडळींत म्हटले जाते की नाकाने जड विमान वाईट उडते, शेपटीने जड विमान एकदाच उडते. बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे-मागे सरकवून हा फरक डोळ्यांनी पाहता येतो.

वजनाचा हिशेब

एक मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंखाचे, ५०० ग्रॅम वजनाचे विमान घेऊ. हवेत टिकून राहायला त्याला किमान साडेसहा मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे २३ किलोमीटर वेग लागतो. सायकलचाच वेग. वजन दुप्पट केले तर हा किमान वेग सुमारे १.४ पट होतो, ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास. पण गतिज ऊर्जा वजनाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे जमिनीवर आदळताना ती चौपट भरते. सजावटीचा रंग, जास्तीचा गोंद, मोठी बॅटरी यांची किंमत अशी मोजावी लागते.

यंत्रणा मात्र थोडक्यात सांगता येते. नाकावर ब्रशरहित मोटर, तिचा वेग सांभाळणारे स्पीड कंट्रोलर, नियंत्रक भाग हलवणाऱ्या नऊ-नऊ ग्रॅमच्या सर्व्हो मोटरी, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा रेडिओ आणि तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी. २२०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी सरासरी १२ अँपिअरने वापरली आणि पाचवा हिस्सा शिल्लक ठेवला, तर सुमारे नऊ मिनिटांचे उड्डाण मिळते. या बॅटऱ्या फुगल्या, टोचल्या किंवा जास्त चार्ज झाल्या तर पेट घेतात. त्यामुळे चार्जिंग चालू असताना तिथून हलायचे नाही, हा नियम मी मुलांना प्रोपेलरच्या नियमाइतकाच कडकपणे सांगतो.

उडवायला शिकताना सर्वांना अडवणारी गोष्ट हाताच्या कौशल्याची नसते, दृष्टिकोनाची असते. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की त्याचे डावे-उजवे आपल्या उलट होते. विचार करायला वेळ नसतो. त्यावर जुना उपाय असा : जो पंख खाली झुकला असेल, त्याच्याखाली टेकू दिल्यासारखी कांडी त्या बाजूला सरकवायची. काही दिवसांनी टेकूचा विचारही करावा लागत नाही.

मोडण्याची किंमत

शिकणाऱ्याचे विमान पडतेच. बाल्साच्या विमानात एका पडण्याने महिन्यांची मेहनत संपायची, म्हणून शिकणारा घाबरत घाबरत उडवायचा किंवा उडवायचेच सोडून द्यायचा. फोमबोर्डचा पंख मोडला तर ग्लू गनने दहा मिनिटांत जोडता येतो. मोटर आणि सर्व्हो काढून नव्या सांगाड्यात बसवता येतात. खर्चाचा मोठा भाग या यंत्रणेचा. सांगाडा काही शे रुपयांत होतो. चूक परवडू लागली की माणूस कारण शोधू लागतो. शाळकरी मुलांबरोबर मी हे वारंवार पाहिले आहे : पहिल्यांदा ती ‘वारा आला’ म्हणतात, तिसऱ्यांदा कोणी न सांगता बोटांवर विमान तोलून पाहतात.

आपल्याकडे या सवयीची गरज आहे. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा अभिमानाने सांगितली जाते. पण दुसऱ्या कोणाला पुन्हा करून पाहता येईल अशी मोजमापे तिच्यासोबत आपल्यापर्यंत आलेली नाहीत. प्राचीन म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे तळपद्यांच्या जिज्ञासेला कमी लेखणे नव्हे. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने गुरुत्वमध्य शोधला आहे, त्याला अशा कथेपुढे कोणते प्रश्न विचारायचे हे आपोआप कळते. पंखाचे क्षेत्रफळ किती? वजन किती? तोल कुठे?

जागा आणि कचरा

दोन अडचणी प्रामाणिकपणे मांडायला हव्यात. पहिली कचऱ्याची. महाराष्ट्राने २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, ती योग्य कारणांसाठी. फोमबोर्डचा गाभा थर्माकोलच्याच कुळातला आहे. म्हणून मोडलेले जोडत राहणे ही इथे केवळ काटकसर नाही, कर्तव्य आहे. पहिले सराव-सांगाडे खोक्याच्या पुठ्ठ्याचे करता येतात. ते जड होतात, पण उडतात.

दुसरी अडचण मैदानाची. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृती विमानांना प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. पण हरित क्षेत्रातही ४०० फुटांची मर्यादा आहे, आणि विमानतळांच्या भोवताली परवानगीशिवाय उडवता येत नाही. शहरात एवढे मोकळे, गर्दी आणि तारा नसलेले मैदान मिळणे कठीण होत चालले आहे. एनसीसीच्या हवाई विभागात विमान-प्रतिकृतींचे प्रशिक्षण असते. तशी सोय साध्या शाळांतही झाली, तर महिन्यातून एक सकाळ मैदान राखून ठेवणे फार अवघड नाही.

ज्यांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांनी लगेच मोटर विकत घेऊ नये. आधी वीतभर रुंद पंखाचे साधे ग्लायडर करावे आणि नाकाशी एक नाणे चिकटवावे. नाणे बोटभर मागे सरकवून पुन्हा सोडावे, मग पुढे सरकवून सोडावे, आणि दर वेळी ते कसे पडले ते वहीत लिहावे. दहा नोंदी झाल्या की विमान का उडते याचे स्वतःचे उत्तर देता येऊ लागते.