पोत्यावरचा मार्का आणि संगणकभाषेचे बोधचिन्ह

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांना अक्षरओळख नाही; पण हळदीचे पोते कोणत्या पेढीचे, हे ते दुरून सांगतात. पोत्यावर पेढीचा मार्का असतो ना! बोधचिन्ह म्हणजे काय, हे मला पुस्तकांच्या आधी त्या मार्क्यानेच शिकवले.

यंदा आमच्या महाविद्यालयात 'पायथॉन' ही संगणकभाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे मंडळ सुरू झाले. मी कला शाखेचा. पण चित्रे बरी काढतो, म्हणून बोधचिन्हाचे काम माझ्याकडे आले. मी संगणक, पुस्तक, समई, नाग आणि भोवती वर्तुळात महाविद्यालयाचे नाव, असे सारे काही काढले. शिक्क्याएवढे लहान करताच त्याचा नुसता डाग झाला!

मग इतरांनी काय केले ते पाहिले. पायथॉनचे नाव 'मॉन्टी पायथॉन' या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून आले आहे, सापावरून नव्हे. तरी तिच्या बोधचिन्हात साप आहेत. नाव ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सापच येतो. निळा साप अर्धा फेरा फिरवला की पिवळा साप होतो, आकार एकच. 'हॅस्केल' या भाषेच्या मंडळींनी २००९ साली मतदानाने चिन्ह निवडले. त्यात ग्रीक लिपीतील 'लॅम्डा' हे अक्षर आहे. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या ज्या गणिती पद्धतीवर हॅस्केल उभी आहे, तिची ती खूण. एका क्रियेचे फळ पुढच्या क्रियेच्या हाती देणारे हॅस्केलमधील चिन्हही त्याच रेषांत बसवले आहे.

मित्रहो, माझी चूक येथे उमगली. मी वस्तू जमवल्या होत्या. हवी होती एकच खूण.

पायथॉनमध्ये एखाद्या अटीखालच्या ओळी कंसात घालत नाहीत. त्या समासापासून आत सरकवून लिहितात. चार जागा सोडण्याचा प्रघात आहे. ओळ आत घेतली नाही, तर संगणक चूक दाखवतो. तेवढेच मी घेतले: वर एक जाड आडवी रेघ आणि तिच्याखाली, थोड्या आत, तशाच दोन रेघा. रंग एकच. शिक्का स्वच्छ उठला, झेरॉक्समध्ये आकार टिकला आणि वर्गातल्या कोणालाही ते खडूने फळ्यावर काढता आले.

घरी दोन्ही कागद भिंतीला लावून आण्णांना उंबऱ्यापाशी उभे केले. पहिला पाहून ते म्हणाले, "ह्यात मार्का कंचा?" दुसरा पाहून म्हणाले, "ह्यो लांबनं वळखंल."

ओळी आत का सरकवतात, हेही मी त्यांना सांगितले. ते हसले. "थप्पीबी वर जाईल तशी आतच घ्यावी लागती. न्हाईतर ढासळती."

मंडळाने दुसरेच चित्र मंजूर केले.