न सुटणारा ब्रेक : जुन्या मोटारीचे कॅलिपर

मोटारीचा ब्रेक बिघडला म्हणजे तो लागेनासा झाला, असाच अर्थ सामान्यतः घेतला जातो; परंतु जुन्या मोटारींमध्ये याच्या उलट, म्हणजे एकदा लागलेला ब्रेक पुरता न सुटण्याचा दोषही वरचेवर आढळतो, आणि गाडी थांबत असल्यामुळे त्याकडे लवकर लक्ष जात नाही. गाडी एका बाजूला ओढली जाणे, एकच चाक इतरांपेक्षा अधिक तापणे, जळका वास येणे ही त्याची लक्षणे होत.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी घर्षणपट्ट्या, म्हणजे पॅड, आवळून धरतात, आणि त्यांना आवळणारा शिकंज्यासारखा भाग म्हणजे कॅलिपर. बहुतेक लहान मोटारींत त्यात एकच पिस्टन असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही तबकडीवर आणतो. पेडल सोडल्यावर पिस्टन मागे घेण्यासाठी येथे ड्रम ब्रेकसारखी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील दाबाने किंचित पिळले जाते आणि दाब जाताच मूळ आकारावर येताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाइतके मागे ओढते. एवढ्याशा हालचालीवर ब्रेकचे सुटणे अवलंबून असल्याने थोडासा गंजही ते बिघडवण्यास पुरेसा ठरतो.

हा गंज बाहेरून येतो तसा आतूनही येतो. पिस्टनवरील धूळरोधक रबर फाटले की पावसाचे पाणी, आणि किनारपट्टीवर खारी हवाही, आत शिरते. तर ज्याला गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणतात तो द्रव मुळात खनिज तेल नसून ग्लायकॉलवर आधारित असतो व हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्या द्रवासाठी ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना सतत घासणाऱ्या चाकाच्या उष्णतेने असा जुना द्रव उकळला, तर नळीत वाफ होऊन पेडल तळाशी जाते. म्हणजे न सुटणारा ब्रेकच अखेरीस न लागणारा ब्रेक होतो.

तथापि चाक जाम झाले की कॅलिपरच बदलण्याची घाई योग्य नव्हे. चाक अडकलेले असताना कॅलिपरवरील हवा काढण्याचे निपल सैल केल्यावर चाक मोकळे झाले, तर दाब मागेच कोंडलेला आहे असे समजावे. अशा वेळी दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा आतून फुगलेल्या रबरी नळीत असू शकतो, कारण पेडलच्या जोराने द्रव अशा नळीतून पुढे जातो, पण परतीच्या क्षीण दाबाला ती वाट देत नाही. चाक तरीही अडकलेलेच राहिले, तर पिस्टन अथवा पिना तपासाव्यात. केवळ पिना सुकल्या असतील तर त्या साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकोन ग्रीस लावणे पुरते. साधे खनिज ग्रीस मात्र तेथील रबर फुगवते.

पिस्टन अडकला असेल तर तो बाहेर काढून त्याचा पृष्ठभाग पाहावा लागतो, आणि दुरुस्ती की बदल हा निर्णय तेथेच होतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर सीलची खाच स्वच्छ करून नवे सील किट बसवता येते. त्यावर गंजाचे खड्डे असतील तर नव्या सीलचा उपयोग नाही, आणि पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेण्याची पद्धत तर सरळ धोक्याची आहे. अशा वेळी नवा पिस्टन किंवा पूर्ण कॅलिपर घ्यावा, तसेच पॅड दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत.

नवा कॅलिपर बसवताना डाव्या-उजव्याची अदलाबदल होणार नाही, हेही पाहावे. बसवल्यावर निपल वरच्या टोकाला आले पाहिजे. ते खाली राहिल्यास आतील हवा कितीही प्रयत्नांनी निघत नाही. काम संपल्यावर, गाडी जागची हलवण्यापूर्वी, पेडल घट्ट लागेपर्यंत ते पुनःपुन्हा दाबावे, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत पोहोचण्याआधीचा पहिला ब्रेक लागत नाही.